बोका, गालिचा आणि माझं निळं पाणी

सोमवार

माझा फोटो असलेली बाटली नाही असं घर या शहरात शोधून दाखवा, असं मी लोकांना ऐकवत असतो. लोक हसतात आणि मान डोलावतात, कारण बाटली त्यांच्याही घरी असते. फरशी, काच, बेसिन, काहीही असो, माझं निळं पाणी मारा आणि विसरा. बाटलीवर मी मिशीसकट हसतोय. आणि आज त्याच निळ्या पाण्याच्या मालकाच्या दिवाणखान्यात, कारखाना उभा राहिला त्या वर्षी हौसेनं घेतलेल्या गालिच्यावर, एक बोका येऊन मुतून गेला. मुतून गेला असंच लिहितो. स्वतःच्या डायरीत सभ्यपणा कुणाला दाखवायचा?

बोका मुलीचा. गेल्या महिन्यात ती नवऱ्याच्या घरून आली ती एका हातात बॅग आणि दुसऱ्या हातात हे पार्सल घेऊन. चार दिवस राहते म्हणाली. ते चार दिवस कधीच संपले. मी विचारणार नाही, असं हिनं, म्हणजे बायकोनं, माझ्याकडून कबूल करून घेतलंय. बोका मागच्या एका पायानं लंगडतो. मी त्याचं नाव साहेब ठेवलंय. उशिरा उठतो, कुणाकडे वळून बघत नाही आणि केलेली घाण दुसऱ्यानं निस्तरावी असं त्याला मनापासून वाटतं.

मुलगी इमारतींचे नकाशे काढते, म्हणजे काढायची. लग्नानंतर सोडलं. तिला ताण नको म्हणून तिनंच सोडलं, असं जावईबापूंनी मला सांगितलं होतं. आता दिवसभर खिडकीशी बसते. खाली एखादी गाडी थांबली की उठून आतल्या खोलीत जाते.

माझे कान तिखट आहेत, सगळे म्हणतात. धंदा त्यांच्यावरच उभा केला. गिऱ्हाईक बायकोच्या कानात काय कुजबुजतं ते गल्ल्यावर बसून ऐकायचं आणि मग तोंड उघडायचं. पण ही पोरगी बोलतच नाही, तर ऐकायचं काय?

मंगळवार

डागावर निळं पाणी ओतलं आणि ब्रशनं असा रगडला की कारखान्यातल्या पोरांनी बघायला हवं होतं. ही दारात उभी राहून बघत होती.

"अहो, रगडू नका. टिपून घ्या. आत मुरेल."

"चाळीस वर्षं डाग काढतोय मी."

"फरशीवरचे," ती म्हणाली आणि गेली.

रगडता रगडता जावईबापूंचा फोन आला. हात फेसानं भरलेले, म्हणून स्पीकरवर ठेवला. किती मऊ बोलतो हा माणूस! आवाज चढत नाही, शब्द वेडावाकडा जात नाही. "बाबा, तुम्ही दगदग करू नका. तिला वेळ द्या. चूक माझीही असेल." असा जावई मिळायला भाग्य लागतं. मी म्हटलं, तुम्ही काळजी सोडा, हे मी मार्गी लावतो. मुलगी बाहेर गेली होती, ते बरंच झालं.

फोन ठेवला. जरा वेळानं बघतो तर डागाच्या शेजारी दुसरा डाग. ताजा. साहेब सोफ्याखाली, नुसते डोळे दिसतात. कारखान्याच्या दर्जाबद्दल इतकी रोखठोक तक्रार आजवर कुणी केली नव्हती.

गुरुवार

आजचा पराक्रम लिहायलाच हवा. कारखान्यातून वाफेचं यंत्र आणलं. तेलकट मशिनं धुतो ते. उकळती वाफ म्हणजे जंतू खलास, वास खलास, विषय खलास. फोरमन म्हणाला, "मालक, गालिच्याला चालेल का?" मी म्हटलं, तू चालव, मला शिकवू नकोस.

वाफ लागली आणि वास नुसता उमलला. एवढासा होता तो सगळ्या घरात पसरला, जिन्यात गेला. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडक्या लावून घेतल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. डाग पिवळा होता, तो तपकिरी होऊन मुक्कामाला बसला. फोरमन छताकडे बघत होता. हसू दाबणाऱ्या माणसाचा श्वासही मला ऐकू येतो, हे त्याला ठाऊक नसावं.

मुलगी मात्र हसली. मोठ्यानं. आली तेव्हापासून पहिल्यांदा. म्हणाली, "बाबा, आता आख्खी इमारत धुवायला काढा." मी रागावल्यासारखं केलं. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी दुसरा गालिचाही जाळायला तयार झालो असतो.

पण ती हसली म्हणजे प्रकरण निवळतंय, असा मी अर्थ लावला, आणि संध्याकाळी गच्चीवर जाऊन जावईबापूंना फोन केला. पुढच्या रविवारी या, म्हटलं. समोरासमोर बसलं की सगळं सुटतं. ते लगेच हो म्हणाले. तिला आधी सांगू नका, असंही म्हणाले, उगाच टेन्शन घेईल. किती समजूतदार!

तेव्हा रविवारच्या आत घर वासमुक्त व्हायला हवं. ज्या खोलीत नाकाला रुमाल लावावा लागतो तिथं बोलणी होत नाहीत.

शनिवार

साहेबांना घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मुलगी बरोबर. बाई वयानं लहान, बोलायला फटकळ.

"आजार काही नाही. हा घाबरून करतोय."

"आमच्या घरात घाबरण्यासारखं काय आहे?"

"ते तुम्ही मला सांगायचं. घरात भांडणं होतात? आवाज चढतात?"

"छे! आमच्याकडे सगळे हळू बोलतात."

बाई मुलीकडे बघत होत्या. मुलगी बोक्याकडे.

"पुसता कशानं?"

मी खिशातून नमुन्याची बाटली काढली. एक कायम बरोबर असते. बाईंनी मागचं बारीक अक्षर वाचलं, जे छापणाऱ्यानंही वाचलं नसेल.

"यात अमोनिया आहे."

"आहेच. त्याशिवाय चमक कुठून येणार?"

"मांजराच्या मुतालाही तोच वास. तुम्ही हे ओतलंत की त्याला वाटतं, दुसरा कुणी बोका येऊन इथं हक्क सांगून गेला. मग तो त्याच्यावर आपला सांगतो." त्यांनी बाटलीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुम्हीच ना?"

"मीच."

"मग तो दुसरा बोका तुम्ही."

मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती. मीही हसलो. दुसरं काय करणार? इतकी वर्षं मी घरोघरी बोक्यांना आमंत्रणं पाठवतोय आणि वर स्वतःचा फोटो छापतोय.

मग बाईंनी साहेबांचा तो पाय दाबून पाहिला. "हे हाड मोडून वाकडं जुळलंय. कसं झालं?"

मुलगी टोपलीचं झाकण चाचपू लागली. मग मीच सांगितलं, "कपाटावरून पडला. जावईबापू फोनवर म्हणाले."

"मांजर कपाटावरून पडलं?" बाई म्हणाल्या.

मुलगी माझ्याकडे वळली. हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "तुम्ही त्याच्याशी बोलता, बाबा?"

"एकदा बोललो असेन," मी म्हटलं. गिऱ्हाइकाशी खोटं बोलताना माझा आवाज कधी हलला नाही. आज हलला.

रविवार

स्वयंपाकघरात दोघी बोलत होत्या. मी दिवाणखान्यात वर्तमानपत्र उलटं धरून वाचत होतो.

"आई, बाबांनी त्याला इथं बोलावलं तर मी त्याच्याआधी निघून जाईन. कुठं ते विचारू नकोस. तुलाही सांगणार नाही."

"नाही गं बोलावणार."

"त्यांना तो फार आवडतो."

"त्यांना गोड बोलणारं कुणीही आवडतं. माल विकायची सवय. कुणी आपल्याला विकतंय हे कळत नाही."

हे माझ्याबद्दल. पेपरातली बातमी मी तीनदा वाचली आणि अजून ती कशाबद्दल होती ते सांगता येणार नाही. तोंडातून रागाचं काहीही निघतं माणसाच्या. पोरगी कुठे जाणार आहे? जाईल कशी? तरी मनात एक खडा टोचत राहिलाय. पुढच्या रविवारचं रद्द करावं का? पण शब्द दिलाय. शब्दावरच तर इथवर आलो.

मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या यादीप्रमाणे शहाण्यासारखं काम सुरू केलं. पहिली गोष्ट, जांभळ्या उजेडाची बॅटरी. खोलीत अंधार करून ती गालिच्यावर मारली की मुताचे जुने डाग चमकतात. मारली. आकाशात नसतील इतकी नक्षत्रं. मुलगी म्हणाली, "बाबा, हा तर नकाशाच आहे," आणि खाली बसून बोटानं दाखवू लागली. कामातली माणसं बोलतात तसं बोलत होती. "बघा, दाराकडे एकही नाही. खिडकीकडे नाही. सगळे या एका खुर्चीभोवती."

ती खुर्ची माझी. मी तिथं बसून फोन करतो.

"माझ्यावर राग आहे त्याचा," मी म्हटलं.

ती उठली, दिवा लावला आणि आत गेली.

बुधवार

गालिचा उलटा केला. खालचं अस्तर पार भिजून कुजलेलं. मी वरवर रगडत होतो आणि खाली हे चाललं होतं. अस्तर कापून फेकलं. फरशी व्हिनेगर-पाण्यानं पुसली. गालिच्यावर आधी व्हिनेगर-पाणी, रगडायचं नाही, दाबायचं आणि टिपायचं. नंतर ते एन्झाइमचं औषध. आत मुरलेलं हळूहळू खातं म्हणे, पण मध्ये कुणी लुडबुड करायची नाही. ओलं फडकं झाकून नुसतं थांबायचं. थांबणं हे काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. दर थोड्या वेळानं फडकं उचलून बघत होतो. ही म्हणाली, "झाकण सारखं उघडलं की आतलं शिजत नाही."

गुरुवार

सकाळी हिला गुडघ्यावर बसवून हुंगायला लावलं. नाक तिचंच खरं, माझं अमोनियानं कधीच मेलंय.

"गेला," ती म्हणाली. "खरंच गेला."

मी असा खूश झालो की खुर्चीत बसून जावईबापूंना लागलीच फोन लावला, रविवारचं पक्कं करायला. चष्मा सापडेना म्हणून स्पीकरवर. पलीकडून "हॅलो बाबा" एवढंच आलं. खिडकीत झोपलेले साहेब ताडकन उठले, पाठीचे केस उभे, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशाएवढी. आणि माझ्या डोळ्यांदेखत, नुकत्याच स्वच्छ केलेल्या गालिच्यावर, उभ्या उभ्या.

फोन बंद करून मी ओरडलो. ही धावत आली. मी म्हटलं, "आता कळलं! या बोक्याला मोबाइलचा आवाज सहन होत नाही."

"मोबाइलचा," ती म्हणाली. माझ्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "कोण होतं फोनवर?"

मग सगळंच बाहेर आलं. रविवारचंही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि डाग टिपू लागली. म्हणाली, "तुमचे कान दाराबाहेरचं ऐकतात. घरातलं नाही. आत्ताच्या आत्ता त्याला येऊ नको म्हणून कळवा."

"शब्द दिलाय."

"मग तिला मी सांगते."

शनिवार

हिनं सांगितलं. मुलीनं माझ्याशी भांडण केलं नाही, दारही आपटलं नाही. जेवताना म्हणाली, "बाबा, मी उद्या सकाळी निघते. तुमची पंचाईत होणार नाही. आजारी मैत्रिणीकडे गेली म्हणून सांगा त्याला."

मी समजावणार होतो. तेवढ्यात ती उठून गेली. आत बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. साधी चेन. पण ऐकवेना. जाऊन तिला म्हटलं, "थांब ना, पोरी. मी त्याला नको म्हणून कळवतो." म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात की तो नक्की येईल."

तरी कळवलं. उत्तर आलं नाही.

रविवार

जे झालं ते एकदाच लिहितो, जसं ऐकलं तसं.

दुपारी येणार होते, सकाळीच आले. मुलगी दिवाणखान्यात बॅग घेऊन उभी, साहेब टोपलीत. बेल वाजली, दार मीच उघडलं.

"अरे वा," जावईबापू हसून म्हणाले. "बॅग भरून तयार! बाबा, तुम्ही जादूगार आहात."

मला वाटलं, पाच मिनिटं दोघांना एकटं सोडावं. ही तर माझी जुनी युक्ती. सौदा अडला की मालकानं आत जायचं. स्वयंपाकघरात गेलो. ही माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. मी दाराआड कान लावला. तो बोलत होता. तोच आवाज. अगदी मऊ, रेशमासारखा.

"खाली गाडी आहे. रडायचं नाही, ते बघतात. बाबांच्या पाया पडायचं, हसायचं आणि निघायचं. मांजर इथंच. मागच्या वेळी त्याच्या पायावर भागलं. दर वेळी त्याच्यावरच भागेल असं नाही."

आणि मुलगी म्हणाली, "हो."

तो 'हो' मी ओळखला नाही. माझी मुलगी. लहानपणापासून 'हो' म्हणतानासुद्धा वाद घालणारी. तो आवाज कुणा दुसऱ्याच घरातल्या, दुसऱ्याच बाईचा होता. महिनाभर माझ्या घरात तो आवाज राहत होता आणि मी, तिखट कानांचा, गालिचा हुंगत बसलो होतो.

मी काय करायला हवं होतं? मोठमोठं काहीतरी बोलायला हवं होतं. शोभेलसं. पण मला आयुष्यात एकच काम येतं. मोरीतून बादली उचलली, निळं पाणी ओतलं, लांब दांड्याचा पोछा घेतला आणि दिवाणखान्यात शिरलो.

"पाय उचला," मी म्हटलं.

"बाबा?"

"घाण झालीये. पाय उचला."

तो हसत एक पाऊल मागे सरला. मी तिथं पोछा मारला. "पाय उचला." आणखी एक पाऊल. गालिचा संपला, फरशी लागली, तिथं तर माझा हात बसलेला. "काय चाललंय हे?" तो म्हणाला, अजून मऊच, पण कडेनं जरा उसवलेला. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर दांडा फरशीवर राहिला नसता. "उचला. उचला." त्याचे बूट ओले, पँटीचे काठ ओले, तो दारापर्यंत गेला, उंबऱ्याबाहेर गेला, आणि तिथं पहिल्यांदा त्याचा खरा आवाज निघाला. जिना हादरला. वरच्या बाईंची खिडकी उघडल्याचं मी ऐकलं. बरंच झालं, साक्षीदार मिळाला.

दार लावलं. तसाच त्या ओल्या फरशीवर बसलो. मुलगी येऊन शेजारी बसली, बॅग हातात तशीच.

"माझ्यामुळे आला तो," मी म्हटलं. "मी आणला."

"हो," ती म्हणाली. हा 'हो' तिचाच होता. मनाला चांगला लागणारा.

मग हिनं वकीलबाईंना फोन लावला. नंबर तिच्याकडे आधीपासून होता. मला सोडून सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, बोक्यालासुद्धा.

पुढच्या महिन्यातला मंगळवार

मधले दिवस लिहिण्यासारखे होते, पण लिहायला उसंत नव्हती. वकीलबाईंकडे जाऊन बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, असं माझं काम ठरलंय. ते मी बऱ्यापैकी शिकलो. तो दोनदा फोनवर मऊ बोलला, एकदा खाली येऊन ओरडला. आता वकीलबाईंचं पत्र गेलंय. लढाई लांबेल म्हणतात.

गालिचा काढला. स्वच्छ झाला होता, वास गेला होता, पण मलाच त्याच्यावर पाय ठेववेना. काढल्यावर दिवाणखाना केवढा मोठा निघाला! मुलगी मधोमध उभी राहिली, भिंतींकडे बघत. म्हणाली, "बाबा, ही खोली मला द्याल? टेबलाला उजेड इथंच आहे."

मी विचार केल्यासारखं केलं. धंद्याची सवय.

आज तिचं पहिलं गिऱ्हाईक आलं. मी कारखान्यातून परतलो तर पुढच्या दाराशी ही उभी. "अहो, आत मीटिंग चाललीये. मागून या." तेव्हा शहरभर ओळखला जाणारा हा गृहस्थ इमारतीला वळसा घालून, कचऱ्याच्या डब्याजवळून, बूट हातात घेऊन स्वतःच्या घरात स्वयंपाकघरातून शिरला.

आत गिऱ्हाईक मोठ्यानं बोलत होतं. पैसेवाला आवाज, मला लगेच कळतो. "आम्हाला भिंत इथंच पाहिजे. सांगितलंय ना एकदा?"

"सांगितलंत. पण भिंत इथं येणार नाही," मुलगी म्हणाली. "तुमची आई रात्री उठली तर बाथरूमला कुठून जाणार? तुमच्या अंगावरून?"

गिऱ्हाईक काहीतरी पुटपुटलं. तिनं तेही खोडून काढलं.

"किती वेळ उभे राहणार बूट घेऊन?" बायकोनं हळूच विचारलं.

मी तिला गप्प राहायची खूण केली. भिंतीचा वाद अजून संपला नव्हता.